शाईतलं पूर्वी, पेन्सिलीतलं आता

पहिली खटकलेली गोष्ट अगदी किरकोळ होती. पिशवी हलकी लागत होती.

अंजलीने ती या हातातून त्या हातात घेतली, चार पावलं चालली, आणि आपला आत्मविश्वास वाढला असावा असं समजून पुढे निघाली. गेले चार दिवस ती मोबाईलवर बघून श्वासाचे व्यायाम करत होती. पाचव्या दिवसापासून ओझं हलकं झाल्यासारखं वाटेल, असं त्यातल्या बाईंनी सांगितलंच होतं, आणि आज पाचवा दिवस होता. (त्या बाई मनावरच्या ओझ्याबद्दल बोलत होत्या, हे तिच्या लक्षात यायला अजून वीस मिनिटं होती.)

अंजली म्हणजे कुकरच्या शिट्ट्या स्वतः मोजत उभी असली तरी प्रत्येक शिट्टीला दचकणारी मुलगी. इंग्रजीत एम. ए., तेही फर्स्ट क्लास. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, पण वर्गात कुणी हात वर केला की शंका ऐकायच्या आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागायची. अशा मुलीचं आज दुपारी चार वाजता नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीतल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं. विषय, 'जुन्या इंग्रजी शब्दांच्या गोष्टी'. वाचनालयाचे सेक्रेटरी बुद्धभूषण सर हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी आधी फळ्यावर तिचं नाव लिहिलं आणि मग तिला विचारायला घरी आले. फळ्यावरचं नाव पुसायला लावायचं धाडस अंजलीत नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली.

आता त्या पिशवीत काय होतं ते सांगायला हवं, म्हणजे काय असायला हवं होतं ते.

तिच्या आजोबांची वही. आजोबा, म्हणजे सहादू बाबा, चौतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते. जुने निकाल, जुने दस्त टाईप करताना त्यांना एखादा साधा इंग्रजी शब्द भलत्याच जागी बसलेला दिसायचा. अर्थ माहीत असूनही वाक्य लागायचं नाही. बरोबरचे कारकून म्हणायचे, साहेब चुकले असतील. आजोबांना ते पटलं नाही. त्यांनी ऑफिसने टाकून दिलेली एक जाडजूड डिक्शनरी घरी आणली, रोज जेवणाच्या सुट्टीत शोध घेतला, आणि त्यांना कळलं की शब्द चुकलेला नाही, म्हातारा आहे. तरुणपणी त्याचा अर्थ वेगळा होता. त्या दिवसापासून त्यांनी लाल पाठीची उभी वही सुरू केली. प्रत्येक अक्षराला दहा पानं आणि पानावर तीन रकाने. शब्द, पूर्वी, आता.

'नाइस'. पूर्वी: अडाणी, बावळट. आता: छान.

'व्हिलन'. पूर्वी: दुसऱ्याच्या शेतावर राबणारा माणूस. आता: सिनेमात शेवटी मार खाणारा. (त्याखाली आजोबांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शेतावर राबणाऱ्याला बदमाश कोणी ठरवलं असेल ते सांगायला नको.')

'अनॉन'. पूर्वी: या क्षणी, ताबडतोब. पुढे: थोड्या वेळाने. खाली शेरा: 'निघालोच असं सांगून घरात बसण्याची पद्धत इंग्रजांतही दिसते.'

'पूर्वी'चा रकाना निळ्या-काळ्या शाईने लिहिलेला होता आणि 'आता'चा पेन्सिलीने. अंजलीने लहानपणी कारण विचारलं होतं. आजोबा म्हणाले होते, "जे होऊन गेलं ते पक्कं असतं. आताचं काय सांगावं? उद्या बदलेल. खोडता आलं पाहिजे."

ही वही पन्नास वर्षांत घराबाहेर गेली नव्हती. एकदा शहरातून एक प्राध्यापक ती आठ दिवसांसाठी मागायला आले होते. आजोबांनी त्यांना चहा दिला, दुसरा चहा दिला, आणि फाटकापर्यंत सोडायला गेले. वहीचे फोटो काढायलाही परवानगी नव्हती. फोटो काढला की शब्द डोक्यात न जाता फोनमध्ये जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. अंजलीलासुद्धा हातानेच उतरवून घ्यावं लागलं. ए पासून क्रमाने उतरवत ती एम पर्यंत आली आणि व्याख्यानाचा दिवस उजाडला. ते कागदही तिने वहीतच खोचले.

सकाळी आजोबांनी वही स्वतः टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात दिली आणि सांगितलं, हातातून खाली ठेवायची नाही. मग म्हणाले, मी समोर बसलो तर तू सगळा वेळ माझ्याच तोंडाकडे बघशील, त्यापेक्षा मी सायखेड्याला भाच्याकडे जाऊन येतो. आणि गेलेही.

वही नेण्यासाठी आजोबा आपली ऑफिसची चामडी बॅग काढून ठेवून गेले होते. इथे अंजलीने एक छोटासा निर्णय घेतला. चामडी बॅग बघून चोराला संशय येईल, त्यापेक्षा साध्या कापडी पिशवीत न्यावी. (नाशिक रोडला भरदुपारी इंग्रजी शब्द चोरणारा माणूस कसा दिसत असेल, याचा विचार तिने केला नव्हता.) म्हणून वही मोराच्या पिशवीत गेली आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला लागली.

मोराची पिशवी नाशिक रोडला सगळ्यांना माहीत आहे. बाजारात भाजी विकणाऱ्या भागुबाईची मुलगी सुवर्णा, तिचं लग्न मखमलाबादला झालं तेव्हा भागुबाईने झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावलं आणि जेवून निघताना प्रत्येकाच्या हातात एक जांभळी पिशवी दिली. एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूला 'राज आणि सुवर्णा, आपले आशीर्वाद हाच आहेर'. पिशवी इतकी मजबूत निघाली की आता कॉलनीत दुसरी पिशवीच दिसत नाही.

पावणेतीनला अंजली घरातून निघाली. हॉल घरापासून दहा मिनिटांवर आहे. चारच्या कार्यक्रमाला पावणेतीनला निघणं तिच्या हिशेबाने उशिराच होतं. आई, म्हणजे सविताबाई, तिच्या साडीला इस्त्री करता करता दमल्या होत्या. तू हो पुढे, मी आवरून येते, असं त्यांनी आतूनच सांगितलं. अंजलीने खुंटीवरची पिशवी घेतली आणि निघाली. वाटेत घशासाठी आल्याचा तुकडा घ्यायला भागुबाईपाशी थांबली आणि आलं निवडताना पिशवी खाली ठेवली. एवढासा वेळ.

हॉल दिसायला लागला तेव्हा तिला पिशवीचा तळ ओलसर लागला. तिने आत हात घातला. टॉवेल लागला नाही, वही लागली नाही. गार, ओलं, पानापानांचं काहीतरी हाताला लागलं आणि अंजली रस्त्याच्या मधोमध दचकली. मागचा रिक्षावाला तिच्याहून जास्त दचकला आणि जे बोलला ते कुठल्याच वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

पिशवीत मेथीची जुडी होती.

तिने साडीच्या निऱ्या हातात धरून बाजार गाठला. भागुबाईसमोर सात गिऱ्हाइकं होती आणि त्यांच्यातल्या पाच जणांकडे मोराची पिशवी होती. अंजलीने सगळ्यात जवळच्या पिशवीत सरळ डोकं घातलं. ती पिशवी धरणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वांगी आहेत, मॅडम. भरताची." तिने त्यांची माफी मागितली, वांग्यांकडे बघूनही मान हलवली, आणि भागुबाईला पिशवी बदलल्याचं सांगितलं.

"आसं का," भागुबाई म्हणाली. "मंग यातली आवडल ती घ्या. समद्या सारख्याच हायेत."

"पिशवी नको हो, आत वही होती. आजोबांची."

"काय लिहेल व्हतं तीत?"

"शब्द."

"कोणाचे?"

"इंग्रजांचे. जुने."

भागुबाईने तराजू खाली ठेवला आणि विचार केला. "मंग तेच घेऊन गेले आसतील परत."

सातही गिऱ्हाइकं हसली. अंजलीच्या डोळ्यांत पाणी आलं तशी भागुबाई गंभीर झाली. तिने मेथी उलटीपालटी करून पाहिली. जुडी तिचीच होती, केळीच्या सोपाच्या दोरीची गाठ तिच्याच हातची होती. पण तिने स्पष्ट सांगितलं, ही दुपारची जुडी नाय, सकाळची हाय, पानांनी माना टाकल्यात. ही पिशवी माझ्यापाशी बदलेलच नाय. हे बोलणं एखाद्या हुशार माणसाने ऐकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. अंजलीने ऐकलं फक्त 'माना टाकल्यात' आणि तिच्या डोळ्यांसमोर आजोबा आले.

सायखेड्याहून ते संध्याकाळच्या एसटीने उतरणार. दारात चप्पल काढायच्या आधी विचारणार, वही? आणि मग ओरडणार नाहीत. आजोबा कधीच ओरडले नव्हते, हेच तर वाईट होतं. ते नुसतं म्हणतील, असू दे. आणि पेन्सिल कपाटात ठेवून देतील.

तिने आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आजोबांचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. तो घरात चार्जिंगला लावलेला असतानाही बहुतेक वेळा संपर्क क्षेत्राच्या बाहेरच असतो. बुद्धभूषण सरांनीही उचलला नाही.

मग तिने पिशवीचा तळ नीट चाचपला. मेथीखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आणखी काहीतरी होतं. पिवळ्या लोकरीचा गुंडा आणि दोन सुया. त्या गुंड्याकडे बघताना तिला वहीतलं सी अक्षराचं पान आठवलं. 'क्लू'. पूर्वी: सुताचा गुंडा. भुलभुलैयात शिरताना एक टोक दाराला बांधायचं आणि गुंडा सोडत जायचं, म्हणजे परतीची वाट सापडते. आता: पोलीस शोधतात तो धागादोरा. तिला एकदम हुरूप आला. आजोबांची वही हरवली असली तरी वहीच तिला वाट दाखवत होती. एम. ए. केल्याचा आजवर झालेला हा पहिलाच उपयोग होता.

कॉलनीत लोकर विणणारं माणूस एकच, वत्सलाकाकू. गुडघ्यांमुळे त्या कार्यक्रमांना येत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर खिडकीत बसून विणतात. अंजली धापा टाकत वर गेली आणि गुंडा त्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "काकू, तुमची पिशवी माझ्याकडे आलीय. माझी द्या."

काकूंनी चष्म्यावरून गुंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि दाराआड लपलेलं माणूस सापडल्यावर करतं तसा चेहरा केला. "हा तुझ्याकडे कसा आला गं?"

"म्हणजे तुमचाच आहे ना?"

"होता माझा. मी तो एकीला दिलाय."

"कोणाला?"

काकूंनी गुंडा तिच्याकडे परत सरकवला. सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणाल्या. अंजलीने वहीबद्दल सगळं सांगितलं, आजोबांबद्दल सांगितलं, चार वाजायला आठ मिनिटं आहेत तेही सांगितलं. काकू विरघळल्यासारख्या वाटल्या. उठून जवळ आल्या, तिच्या एका खांद्यावर हात ठेवला. धीर द्यायला ठेवला असेल असं अंजलीला वाटलं, पण मग तो हात वितीवितीने सरकत दुसऱ्या खांद्यापर्यंत गेला.

"सरळ उभी राहा," काकू म्हणाल्या. "रडताना खांदे पाडू नये, माप चुकतं." नंतर जीभ चावून म्हणाल्या, "म्हणजे पाठीला बाक येतो. तू आधी आईला फोन कर बरं. बाकी मी काही बोलायची नाही. वचन दिलंय."

"आई उचलत नाहीये."

"मग उचलेपर्यंत कर."

एखादी हुशार मुलगी इथेही थांबली असती. अंजलीला वाटलं, घरी जाऊन आईच्या पदराआड रड असं काकू सुचवतायत. ती जिना उतरता उतरता फोन लावत राहिली. आई, सर, आई, आजोबा, आई. पहिल्या मजल्यावर तिला वाईट वाटलं, तळमजल्यावर राग आला. एकशे चौदा माणसांचा वाचनालयाचा ग्रुप, आणि त्यातल्या एकालाही फोन उचलता येत नाही म्हणजे काय? तिने ग्रुप उघडला. सगळ्यात वर तिचाच मेसेज होता.

'नम्र विनंती. कार्यक्रमात मोबाईल सायलेंट ठेवावेत.' हा सकाळी साडेआठचा. दहाचा दुसरा, हात जोडलेल्या चित्रांसह. आणि दुपारी दोनचा तिसरा, ठळक अक्षरांत: 'एकाचा जरी फोन वाजला तरी मी दचकेन आणि मला पुढचं काही आठवणार नाही. कृपया, कृपया हॉलमध्ये फोन हातातही घेऊ नये.'

त्याखाली एकशे दोन अंगठे होते. आईचा अंगठा तिन्ही मेसेजना होता.

बाजाराला आणखी एक फेरी मारून चार वाजून पंचवीस मिनिटांनी अंजली वाचनालयाच्या फाटकाजवळ पोचली. हॉल वरच्या मजल्यावर होता. जिना समोर दिसत होता, पण पाय उचलत नव्हता. वर जाऊन काय सांगायचं? तिने मनात तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही 'खरं तर' या शब्दाशी येऊन अडली. वरून टाळ्यांचा आवाज आला. तिला वाटलं, व्याख्यान रद्द झाल्याचं सरांनी जाहीर केलं असावं. मग हसण्याचा मोठा आवाज आला. म्हणजे कारणही सांगितलं असावं.

मेथीची जुडी तिने छातीशी इतकी आवळून धरली होती की साडीला हिरवा डाग पडला होता. तिने आईला चौदाव्यांदा फोन लावला, तो उचलला जाईल म्हणून नाही, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. पाच रिंगा झाल्या. सहावी अर्ध्यात तुटली.

"अगं, हळू," पलीकडून आईची कुजबुज आली. ती बहुधा खुर्चीखाली वाकून बोलत होती. "फोन हातात घ्यायचा नाही असा तुझाच मेसेज आहे ना? बुद्धभूषण सर डोळे वटारून बघतायत. कुठेस तू?"

"आई," अंजलीचा आवाज फुटला, "आजोबांची वही हरवली."

"हरवली कुठली? इथे आहे. मी मेथी निवडायला पिशवी उघडली तर आत टॉवेल. म्हटलं, हॉलवरच तुला देईन. खुंटीवर दोन पिशव्या होत्या, तू माझी उचललीस. बघितलंस का गं सगळं आतलं?"

"लोकर तुझी आहे?"

"झालं," आई पुटपुटली. "महिनाभर लपवून विणतेय तुझा स्वेटर. बरं, वत्सलाकाकूंकडे जाऊ नकोस, त्यांना वाटेल मीच फोडलं."

अंजली फाटकाला टेकून खाली बसली. वही होती. बाकी सगळं नंतर. "आई, आजोबांना एवढं सांगू नकोस. ते सायखेड्याहून यायच्या आत मी..."

"कसलं सायखेडं? कानटोपी घालून शेवटच्या रांगेत बसले होते, तू ओळखू नयेस म्हणून. सव्वाचार झाले, तू नाहीस, लोक उठायला लागले. मग मी वही त्यांच्या हातात दिली. आधी नको म्हणाले. आता थांबायला तयार नाहीत. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणाला वाचून दाखवतायत, ऐक तू. एकेका अक्षराचा एकेकच शब्द घेत एन वर आलेत."

आईने फोन वर धरला असावा. खुर्च्यांची करकर ऐकू आली, पंख्याचा आवाज आला, आणि मग आजोबांचा, टाईप केल्यासारखा एकेक शब्द सुटा ठेवणारा आवाज.

"पुढचा शब्द, 'नर्व्हस'. पूर्वी, म्हणजे शाईच्या रकान्यात: पिळदार, बळकट, ताकदीचा माणूस. आता, पेन्सिलीच्या रकान्यात," आजोबा थांबले, पान डोळ्यांजवळ घेतलं असावं, "आमची अंजली."

सगळा हॉल हसला. ते हसणं अंजलीला दोनदा ऐकू आलं, एकदा वरच्या खिडकीतून आणि एकदा कानाशी.

"हसू नका," आजोबा म्हणाले. "आज हिचं भाषण झालं की हे पुसून टाकायचं म्हणून मी खोडरबर खिशात घालून आलो होतो. पण वक्त्याच आल्या नाहीत."